नेमकं काय हवंय, ते कळवा

अमेरिकेत आपत्तीच्या वेळी मदत कुठल्या पायरीने मागायची, ते ठरलेलं आहे. आधी शहर आणि परगणा. त्यांना झेपलं नाही तर राज्य. राज्याला झेपत नाही असं गव्हर्नरने अध्यक्षांना कळवलं की मग केंद्र. १९८८ चा स्टॅफर्ड कायदा याच पायऱ्यांवर उभा आहे आणि त्यात गैर काहीच नाही. वॉशिंग्टनने न बोलावता राज्यात घुसू नये, ही तिथल्या संघराज्याची मूळ अट. आपल्याकडेही जिल्हाधिकाऱ्याचं मागणीपत्र गेल्याखेरीज लष्कर पुरात उतरत नाही, असाच रिवाज आहे.

पण या पायऱ्या रचणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: मागणाऱ्याकडे फोन चालू असेल, कचेरी कोरडी असेल आणि काय बुडालं हे त्याला ठाऊक असेल. २००५ च्या ऑगस्टअखेर लुईझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्समध्ये यातलं काहीही शिल्लक उरलं नाही. खालचा घटनाक्रम त्या आठवड्याचा आहे. वेळा तिथल्या स्थानिक.

शुक्रवार, २६ ऑगस्ट, दुपारी ४. वादळ धडकायला ६२ तास

कॅट्रिना वादळ आदल्या रात्री फ्लोरिडाचं टोक ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरलंय. सकाळपर्यंत अंदाज होता की ते वळून परत फ्लोरिडाच्या पश्चिम पट्टीवर जाईल. दुपारच्या पत्रकात रेघ एकदम पश्चिमेला सरकते. लुईझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको राज्यात आणीबाणी जाहीर करतात. रात्री दहाच्या पत्रकात रेघ आणखी सरकून मिसिसिपी नदीच्या मुखाशी, ब्युरासजवळ येते. प्रत्यक्षात वादळ धडकलं ते तिथून जेमतेम तीस किलोमीटरच्या आत. ते पत्रक निघालं तेव्हा हातात होते ५६ तास. म्हणजे हवामानखात्याने घात केला, हे कारण इथेच निकालात निघतं.

अंदाज काय सांगतो हे समजून घ्यायला कुणाला कल्पनाशक्तीचीही गरज नव्हती. वर्षभरापूर्वी, जुलै २००४ मध्ये, केंद्राच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेने, म्हणजे फेमाने, राज्य आणि परगण्यांच्या अधिकाऱ्यांना पाच दिवस एकत्र बसवून एका काल्पनिक वादळाची रंगीत तालीम केली होती. वादळाचं नाव ‘पॅम’. शहराभोवतीच्या बांधांवरून पाणी आत येतं, शहर बुडतं, साठ हजारांवर माणसं मरतात, आणि गाडी नसलेली जवळपास लाखभर माणसं शहरातच अडकतात, असं त्या कागदांत लिहिलेलं होतं. त्यांना बाहेर काढायच्या बसगाड्या कोण आणणार, हा भाग पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. पुढच्या काही बैठकांचे पैसे आटले.

शनिवार, २७ ऑगस्ट, पहाटे ४. उरले ५० तास

वादळ तिसऱ्या श्रेणीचं. गव्हर्नर अध्यक्षांकडे आणीबाणीची घोषणा मागतात, आणि टेक्सासमधल्या आपल्या शेतावर असलेले जॉर्ज बुश ती त्याच दिवशी देतात. कागद वेळेत गेला आणि वेळेत सही होऊन परतही आला. पुढे झालेल्या आरोपांच्या धुरळ्यात ही गोष्ट हरवली.

शनिवार, दुपारी ४. उरले ३८ तास

महामार्गांच्या दोन्ही बाजूंच्या मार्गिका शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांसाठी खुल्या होतात. आदल्या वर्षी आयव्हन वादळाच्या वेळी याच रस्त्यांवर लोक तासन्‌तास अडकले होते. त्यावरून लुईझियानाने शेजारच्या मिसिसिपीशी बोलून नवा आराखडा बनवला होता. या वेळी तो चोख चालला. दहा लाखांहून अधिक माणसं महानगर सोडून गेली. या आठवड्यातलं हे सगळ्यात मोठं यश, आणि ते दोन राज्यांनी आपापसांत, वॉशिंग्टनला मध्ये न घेता मिळवलेलं.

पाचच्या सुमारास महापौर रे नेगिन लोकांना शहर सोडायचं आवाहन करतात. सक्ती नाही. सक्तीची आज्ञा काढली तर हॉटेलं आणि धंदे बंद पडल्याबद्दल शहरावर दावे येतील का, याचा खल त्यांचे वकील करताहेत. रात्री राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राचे संचालक मॅक्स मेफिल्ड स्वतः गव्हर्नर आणि महापौरांना फोन करतात. इतक्या वर्षांच्या नोकरीत असे फोन त्यांनी क्वचितच केले होते.

रविवार, २८ ऑगस्ट, सकाळी ७. उरले २३ तास

पाचवी श्रेणी. पुढच्या काही तासांत वारा ताशी २८० किलोमीटरवर जातो.

साडेनऊला महापौर, शेजारी गव्हर्नर, सक्तीचं स्थलांतर जाहीर करतात. त्याच्या जरा आधी अध्यक्षांचा गव्हर्नरना फोन येऊन गेलेला असतो. वीस तास शिल्लक असताना काढलेली आज्ञा गाडीवाल्यांना पुरते. बाकीच्यांसाठी सुपरडोम हे फुटबॉलचं बंदिस्त मैदान ‘शेवटचा आसरा’ म्हणून उघडलं जातं. रात्रीपर्यंत आत दहा हजारांच्या आसपास माणसं जमतात. शहराच्या शेकडो स्कूलबस डेपोत रांगेने उभ्या असतात. चालक नाहीत, आणि त्या कुणी हलवायच्या हे ठरलेलं नाही. काही दिवसांनी विमानातून घेतलेल्या फोटोत त्याच बस ओळीने पाण्यात उभ्या दिसतात.

दहा वाजून अकरा मिनिटांनी स्लायडेलच्या हवामान कचेरीचं पत्रक निघतं. रॉबर्ट रिक्स या अधिकाऱ्याने ते लिहिलेलं. हवामानखात्याची नेहमीची कोरडी भाषा सोडून ते सरळ सांगतं की बहुतेक भाग कित्येक आठवडे राहण्याजोगा उरणार नाही आणि माणसांचे हाल आजच्या काळाच्या मापाने अविश्वसनीय असतील. पत्रक वाचून अनेकांना वाटलं की हा खोडसाळपणा असावा.

रविवार, सकाळी ११. उरले १९ तास

दूरचित्र-बैठक. पडद्यावर अध्यक्ष, फेमाचे प्रमुख मायकेल ब्राउन, मेफिल्ड आणि राज्यांचे अधिकारी. बांधांवरून पाणी येईल की नाही हे कुठलंही गणित आज खात्रीने सांगू शकत नाही, पण ती चिंता फार गंभीर आहे, असं मेफिल्ड सांगतात. आम्ही पूर्ण तयारीत आहोत, असं अध्यक्ष सांगतात. ते एकही प्रश्न विचारत नाहीत. पुढच्या मार्चमध्ये ही चित्रफीत बाहेर आली तेव्हा गोंधळ उडाला, कारण मधल्या काळात अध्यक्ष दूरचित्रवाणीवर म्हणून गेले होते की बांध फुटतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. वरून वाहणं आणि फुटणं यात फरक आहे, हा व्हाइट हाउसचा खुलासा तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता.

केंद्राच्या २००४ च्या आपत्ती-आराखड्यात महाआपत्तीसाठी एक वेगळं परिशिष्ट होतं. ते लागू केलं की राज्याने मागायची वाट न पाहता सामान पुढे ढकलता येतं. तो अधिकार होता मायकेल चर्टॉफ यांच्याकडे. ते गृहभूमी सुरक्षा खात्याचे मंत्री, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर २००३ मध्ये फेमा याच अजस्र खात्यात कोंबली गेली होती. त्यांनी ते परिशिष्ट रविवारी लागू केलं नाही आणि नंतरही नाही. खात्याचं म्हणणं असं की ते अचानक येणाऱ्या संकटांसाठी आहे; हे वादळ तर दिवसन्‌दिवस दिसत होतं.

सोमवार, २९ ऑगस्ट, सकाळी ६ वाजून १० मिनिटं

वादळ ब्युरासपाशी जमिनीवर चढतं. जोर उतरून तिसऱ्या श्रेणीवर आलेला. शहरावरून सरळ न जाता थोडं पूर्वेने. रिपोर्टर म्हणायला लागतात, न्यू ऑर्लिन्स वाचलं.

त्याच वेळी पूर्वेकडच्या इंडस्ट्रियल कॅनालमधून पाणी आत शिरायला लागलेलं असतं. पावणेआठच्या सुमारास कालव्याची भिंत कोसळते आणि लोअर नाइन्थ वॉर्डातली घरं पायावरून उचलली जाऊन वाहू लागतात. ८ वाजून १४ मिनिटांनी हवामान कचेरी बांध फुटल्याचा इशारा देते. शहराच्या उत्तर बाजूला लंडन अव्हेन्यू कालवा दोन ठिकाणी फुटतो, आणि दहाच्या आत सतराव्या रस्त्याच्या कालव्याची भिंत सरकून मोठं भगदाड पडतं. आता पाँचट्रेन सरोवर शहरात रिकामं होतंय.

या भिंतींपाशी थांबायला हवं, कारण त्या म्हणजे सिमेंट-पोलादात ओतलेलं केंद्र-राज्य सहकार्यच होत्या. १९६५ मध्ये बेट्सी वादळाने शहर बुडवलं तेव्हा काँग्रेसने बांधप्रकल्प मंजूर केला. आराखडा आणि बांधकाम केंद्राचं, म्हणजे लष्कराच्या इंजिनियर कोअरचं. खर्चाचा काही वाटा आणि पुढची देखभाल स्थानिक बांधमंडळाची. कालव्यांतून पावसाचं पाणी उपसून सरोवरात सोडायचं काम तिसऱ्याच संस्थेचं. कोअरला कालव्यांच्या तोंडाशी दरवाजे बसवायचे होते, म्हणजे वादळात सरोवराचं पाणी आत येणारच नाही. स्थानिक संस्थांचं म्हणणं, दरवाजे बंद असताना आम्ही पाणी उपसून टाकायचं कुठे? वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी काँग्रेसने स्थानिकांच्या बाजूने कौल दिला आणि दरवाज्यांऐवजी कालव्यांच्या दोन्ही काठांनी मैलोगणती पूरभिंती उभ्या राहिल्या. त्यांच्याखालची माती किती भुसभुशीत आहे याचा हिशेब चुकला. सतराव्या रस्त्याची भिंत पाणी माथ्यापर्यंत पोचायच्या आधीच सरकली. आराखड्यातच चूक होती, असं कोअरचे प्रमुख जनरल कार्ल स्ट्रॉक यांनी २००६ मध्ये मान्य केलं. चाळीस वर्षांनंतरही प्रकल्प अपुरा होता. मालक तीन-चार असले की दुरुस्ती कुणाची, हा प्रश्न पाणी येईपर्यंत कागदावर राहतो. सोसायटीच्या गच्चीची गळती कुणी काढायची यावर भांडलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सोमवार, सकाळी ११. वादळ धडकून ५ तास

फेमाचा एकच माणूस त्या घडीला शहरात आहे: मार्टी बाहामोंडे, मूळ काम जनसंपर्काचं. सतराव्या रस्त्याचा कालवा फुटल्याची खबर त्याला आपत्कालीन केंद्रात मिळते. तो ती वर कळवतो.

ब्राउन बॅटन रूजला, राज्याच्या राजधानीत, पोचलेले आहेत. फेमात येण्याआधी त्यांनी बरीच वर्षं अरबी घोड्यांच्या संघटनेत काम केलं होतं, यावर नंतर पुष्कळ विनोद झाले. ते मंत्र्यांना पत्र लिहून हजार कर्मचारी मागतात. त्यांनी पोचायला दोन दिवसांची मुदत. या कर्मचाऱ्यांच्या कामांच्या यादीत एक काम मदतकार्याची चांगली प्रतिमा लोकांपर्यंत नेण्याचंही आहे.

राज्याच्या नॅशनल गार्डचं मुख्यालय जॅक्सन बॅरॅक्स लोअर नाइन्थ वॉर्डाला लागूनच. ते पाण्याखाली जातं. मदत करायला जायचं ते जवान स्वतःलाच बोटींतून बाहेर काढताहेत. गार्ड ही राज्याची फौज, गव्हर्नरच्या हुकमातली. तिचे फोन, गाड्या, नकाशे बुडाले तेव्हा राज्याची काय हवं हे सांगायची ताकदच बुडाली.

सोमवार, संध्याकाळी ५. वादळ धडकून ११ तास

वॉशिंग्टनमध्ये सहा वाजलेत. गृहभूमी सुरक्षा खात्याच्या नियंत्रण कक्षातून अहवाल निघतो: प्राथमिक माहितीनुसार बांध फुटलेले नाहीत, पाहणी बाकी आहे.

त्याच सुमारास बाहामोंडे तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरमधून सतराव्या रस्त्याचं भगदाड डोळ्यांनी पाहतो. छतांवर माणसं आहेत आणि पाणी अजून चढतंय. सातच्या सुमारास तो थेट ब्राउन यांना फोन करतो. आपण व्हाइट हाउसला कळवतो, असं ब्राउन सांगतात. त्याच्या पाहणीचा लेखी अहवाल व्हाइट हाउसला पोचतो मध्यरात्रीच्या सुमारास.

साधारण आठला गव्हर्नर अध्यक्षांशी फोनवर बोलतात. तुमच्याकडे आहे ते सगळं पाठवा, असा त्यांचा सूर. व्हाइट हाउसचं नंतरचं म्हणणं: नेमकं काय, ते त्यांनी सांगितलंच नाही. आपण यादी दिली नाही, हे गव्हर्नरनीही पुढे कबूल केलं. लष्कर हवं असेल तर ‘लष्कर’ असा वेगळा उल्लेख करून मागावं लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, असंही त्या म्हणाल्या. या फोनच्या दोन्ही टोकांना वकील बसलेले असते तर दोघांनाही निर्दोष ठरवता आलं असतं. माझ्या मते दोघांतही जास्त दोष ऐकणाऱ्याचा. बुडणाऱ्याने मागणीचा तपशील द्यावा, अशी अपेक्षा करणाऱ्याकडे हेलिकॉप्टर होतं.

कुणी कुणाची वाट पाहिली नाही, अशीही ठिकाणं होती. तटरक्षक दल केंद्राचं, तेही चर्टॉफ यांच्याच खात्यातलं. पण माणूस बुडताना दिसला की काढायचा, हा अधिकार त्याला कायमचा दिलेला आहे. त्यासाठी गव्हर्नरचं पत्र लागत नाही. वारा पुरता पडायच्या आत त्याची हेलिकॉप्टरं उडाली, आणि त्याने एकूण तेहतीस हजारांवर माणसं वाचवली. राज्याच्या वन्यजीव आणि मत्स्य खात्याचे लोकही सोमवारी दुपारीच आपल्या बोटी घेऊन उतरले. दलदलीत मगरी आणि चोरटे शिकारी शोधणारी ही माणसं. तिथली गल्लीबोळं त्यांना पाण्याखालूनही कळत होती. केंद्राच्या इंटीरियर, म्हणजे नैसर्गिक संपदा खात्याने मात्र तीनशे बोटी, विमानं आणि चारशे पोलीस देऊ केले, तेव्हा फेमाकडून त्यांचा धड उपयोग झाला नाही.

मंगळवार, ३० ऑगस्ट

शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्यात. संध्याकाळी चर्टॉफ ही ‘राष्ट्रीय महत्त्वाची घटना’ असल्याचं जाहीर करतात आणि ब्राउन यांना केंद्राचे प्रमुख अधिकारी नेमतात.

बुधवार, ३१ ऑगस्ट, रात्रीचे पावणेदोन. वादळ धडकून ४३ तास

बसगाड्या. ब्राउन यांनी सोमवारीच गव्हर्नरना पाचशे बस कबूल केल्या होत्या. गव्हर्नरची माणसं रस्त्याकडे डोळे लावून बसलेली. पण फेमाने परिवहन खात्याला बस पाठवायचा आदेश दिला तो बुधवारी पहाटेआधी, पावणेदोनला. मधल्या दीड दिवसात काय झालं, यावर सेनेटच्या चौकशीत पानंच्या पानं खर्ची पडली. बस येत नाहीत हे कळल्यावर त्याच दिवशी गव्हर्नरनी राज्यातल्या शाळांच्या बस ताब्यात घ्यायचा हुकूम काढला. तो सोमवारी काढायला कायद्याची आडकाठी नव्हती. आडकाठी होती ती आश्वासनाची: केंद्र बस आणणारच आहे, मग आपण कशाला?

बुधवारीच बाहामोंडे सुपरडोममधून ब्राउन यांना ई-मेल पाठवतो की परिस्थिती हाताबाहेर गेलीय, अन्नपाणी संपतंय, अनेक जण काही तासांत दगावतील. ब्राउन यांचं उत्तर येतं: माहितीबद्दल आभार, मी नेमकं काही करायला किंवा बदलायला हवं का?

अध्यक्षांचं विमान सुट्टीवरून परतताना शहरावरून खाली येऊन घिरटी घालतं.

गुरुवार, १ सप्टेंबर

बस मोठ्या संख्येने सुपरडोमला लागू लागतात. मैल-दीड मैलावरच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये जवळपास वीस हजार माणसं अन्नपाण्यावाचून अडकली आहेत. देशभर दूरचित्रवाणीवर ती दिसताहेत. रेडिओच्या मुलाखतीत चर्टॉफ सांगतात की अफवांवरून निष्कर्ष काढू नयेत.

शुक्रवार, २ सप्टेंबर, रात्री उशिरा. वादळ धडकून पाचवा दिवस

दुपारी न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर, अध्यक्षांच्या विमानात, बुश, ब्लँको आणि नेगिन समोरासमोर बसतात. अधिकार कुणाचा ते आत्ताच ठरवा, असा नेगिन यांचा आग्रह. निर्णय होत नाही.

खरा वाद इथे आहे. इतर राज्यांनी आपापसांतल्या मदत-कराराखाली नॅशनल गार्डचे हजारो जवान लुईझियाना आणि मिसिसिपीत पाठवले आहेत; पुढे ही संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते. ते गव्हर्नरच्या हुकमात असतात, म्हणून त्यांना पोलिसी कामं करता येतात. केंद्राच्या सैन्याला १८७८ च्या पॉसी कॉमिटॅटस कायद्याने ती करता येत नाहीत. जनरल रसेल ऑनोरे केंद्राच्या सैनिकांचे प्रमुख म्हणून आधीच दाखल झालेत, तेही मूळचे लुईझियानाचेच. दोन फौजा, दोन सेनापती, एक शहर. रात्री अकरानंतर व्हाइट हाउसचा फॅक्स येतो. एका करारावर सही करा, म्हणजे एकच सेनापती दोन्ही फौजांचा प्रमुख होईल. गव्हर्नरलाही उत्तरदायी आणि अध्यक्षांनाही.

सकाळी ब्लँको नकार कळवतात.

या नकारावर त्यांना अहंकारी म्हटलं गेलं. मला तो निर्णय पटतो. गार्ड तोवर हजारोंनी पोचले होते, कन्व्हेन्शन सेंटरही शुक्रवारी दुपारी त्यांनीच ताब्यात घेतलं होतं. फॅक्सने त्यात एकही बस, एकही बोट वाढणार नव्हती. बदलणार होतं ते फक्त बातमीतलं नाव. बुश यांच्या वकिलांनी बंडाविरुद्धचा जुना कायदा वापरून गव्हर्नरला न विचारताच ताबा घेता येईल का, याचाही विचार केला. रिपब्लिकन अध्यक्षाने दक्षिणेतल्या डेमोक्रॅट महिला गव्हर्नरच्या हातून फौज हिसकावली, हे चित्र कसं दिसेल, या धास्तीने ते तिथेच थांबले.

शनिवार, ३ सप्टेंबर

अध्यक्ष ७,२०० सैनिक पाठवायची घोषणा करतात. करार नाही, दुहेरी सेनापती नाही, पोलिसी अधिकार नाहीत. म्हणजे हे सैनिक मंगळवारीही याच अटींवर पाठवता आले असते. ते आले, त्यांनी घरोघरी शोध घेतला, आणि ऑनोरे यांचं गार्डच्या अधिकाऱ्यांशी एकाही सहीवाचून जमलं. सुपरडोम त्याच दिवशी जवळपास रिकामं झालं.

मृतांचा आकडा वर्षानुवर्षं १,८०० च्या वर छापला जात होता. २०२३ मध्ये चक्रीवादळ केंद्राने नोंदी पुन्हा तपासून तो १,३९२ केला. ब्राउन यांनी वादळानंतर दोन आठवड्यांनी राजीनामा दिला. २००६ मध्ये काँग्रेसने फेमाची फेररचना केली आणि राज्याची विनंती यायच्या आधीही मदत हलवण्याची तरतूद कायद्यात स्पष्ट केली. त्याच वर्षी आणखी एका कायद्यात एक कलम घुसवलं गेलं: मोठ्या आपत्तीत गव्हर्नरला न विचारता गार्डचा ताबा घ्यायची अध्यक्षांना मुभा. देशातले गव्हर्नर, दोन्ही पक्षांचे, त्याविरुद्ध एक झाले, आणि जानेवारी २००८ मध्ये ते कलम रद्द झालं. त्या वेळी अध्यक्ष बुशच होते. रद्द करणाऱ्या कायद्यावर सहीही त्यांचीच आहे.